गृहपाठाची बेरीज कोण करणार?

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, कोल्हापूर



मुरगूडच्या बाजारपेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. सोबत झेरॉक्स आणि कलर प्रिंट. दुकान गृहपाठावर चालतं हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या पत्रात जे मागणार आहे ते मिळालं तर माझा गल्ला थोडा हलका होईल. तरीही मागतो आहे.

दुकानदारानं शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहावं याचं आपल्याला नवल वाटेल. पण शिक्षकाला आपल्या विषयाचा गृहपाठ दिसतो, पालकाला आपल्या मुलाचा, क्लासवाल्याला क्लासचा. माझ्या काउंटरवर मात्र सगळ्या शाळांचा, सगळ्या इयत्तांचा आणि सगळ्या विषयांचा गृहपाठ एकाच संध्याकाळी येऊन पडतो. गावातली मुलं येतात, तशी यमगे, शिंदेवाडी, चिमगाव, सुरुपली इकडचीही येतात. एका मुलावर एका दिवशी एकूण किती पडतं, याचा अंदाज मला येतो. हा आकडा आपल्या कार्यालयातल्या कुठल्या रजिस्टरात असेल असं मला वाटत नाही, कारण तो भरायचा रकानाच नाही.

माझ्या दुकानात गर्दीची वेळ शाळा सुटण्याची नाही, रात्री सात ते साडेनऊची आहे. कारण बराचसा गृहपाठ हल्ली शाळेत कळतच नाही, तो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळतो. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा हे ग्रुप निघाले. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं तेव्हा म्हटलं जात होतं आणि त्या दिवसांत ग्रुपनं पुष्कळ सांभाळून नेलं. शाळा उघडल्या, ग्रुप तसेच राहिले. आता रात्री आठ वाजता त्यावर येतं: 'उद्या येताना प्रदूषणाच्या प्रकारांची चित्रे चिकटवून आणणे.' मग उसाला पाणी पाजून आलेला बाप चिखलाच्या पायानं दुकानात उभा राहतो. फोन माझ्यासमोर धरतो आणि म्हणतो, "बगा बाई काय म्हणत्यात. काढून द्या तेवढं, पोरगं रडाय लागलंय." मी इंटरनेटवरून चित्रं काढतो, रंगीत प्रिंट देतो, पैसे घेतो. जलप्रदूषण म्हणून जी नदी छापून जाते ती कुठल्या देशातली हे मलाही ठाऊक नसतं. वेदगंगा गावाजवळून वाहते. तिच्याकडे बघून चार ओळी लिहून आणा, असा गृहपाठ मात्र माझ्या दुकानात कधी आला नाही. येणार तरी कसा म्हणा, त्याला प्रिंट लागत नाही.

पावसाळ्यात नदीला पूर येतो, निपाणी-राधानगरी रस्त्यावर पाणी येतं, शाळांना सुट्टी पडते. ग्रुपला सुट्टी नसते. दिवाळीचं तेच. पोरं अंगणात किल्ला करत असतात आणि रोज एक पान शुद्धलेखन, रोज एक पान पाढे, शिवाय प्रत्येक विषयाचे स्वाध्याय असा 'सुट्टीचा अभ्यास' दप्तरात पडून असतो. तो शाळा उघडायच्या आदल्या दोन रात्रींत लिहिला जातो, निम्मा मोठ्या बहिणीच्या अक्षरात. हे सगळ्यांना माहीत आहे, बाईंनासुद्धा.

चित्रं तरी किरकोळ माल. खरा खप दोनशेपानी वह्यांचा. सहावी-सातवीच्या मुलाला विषयागणिक वर्गपाठाची एक आणि गृहपाठाची एक, वर निबंधाची, व्याकरणाची, शुद्धलेखनाची, क्लासची वेगळी. या वह्यांत काय लिहिलं जातं ते झेरॉक्सच्या निमित्तानं नजरेखालून जातं. तापानं चार दिवस शाळा बुडाली की आई दुसऱ्याची वही मागून आणते. पानामागून पान धड्याखालचे प्रश्न आणि गाईडातली उत्तरं, अक्षर न् अक्षर. वेगवेगळ्या मुलांच्या वह्यांत तेच उत्तर, गाईडात छापलेल्या त्याच चुकीसकट. खाली लाल शाईची टिक आणि तारीख. एका वहीत पोरानं पेंगता पेंगता मधला परिच्छेद गाळून पुढचं उतरवलं होतं, वाक्य कुठून निघून कुठे पोहोचलं याचा पत्ता नव्हता. त्यावरही टिक होती.

माझं पहिलं म्हणणं इथंच आहे. मुलांवर जो भार आहे त्यातला मोठा भाग अभ्यासाचा नाहीच, उतरवून काढण्याचा आहे. त्यात हात दुखतो, डोळे दुखतात, झोप मोडते आणि डोक्यात काही शिरत नाही. 'उत्तर चुकलं, दहा वेळा लिहा' ही शिक्षा तर अजून जोरात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. छडी बऱ्याच अंशी गेली, तिची जागा पेननं घेतली.

आता बेरीज करून बघू. सातवीतला एक मुलगा धरा, चार-पाच किलोमीटरवरून सायकलनं मुरगूडला येणारा. शाळा साडेदहा ते पाच, शनिवारी सकाळची. मधली सुट्टी वगळली तरी आठवड्याचे ३३ तास वर्गात जातात. शाळेआधी किंवा नंतर क्लास, दीड तास, सहा दिवस, म्हणजे ९ तास. घरचा अभ्यास, म्हणजे शाळेचा अधिक क्लासचा, रोज अडीच तास आणि रविवारी राहिलेलं पुरं करायला दीड-दोन तास, असे साडेसोळा ते १७. झाले ५८ च्या वर. १९४८ च्या कारखाना कायद्यानं धडधाकट, प्रौढ कामगाराच्या आठवड्यावर ४८ तासांची मर्यादा घातली. हमीदवाड्याच्या साखर कारखान्यात पाळी आठ तासांची, भोंगा झाला की माणूस घरी. त्या कामगाराचं बारा वर्षांचं पोर बापापेक्षा आठवड्याला दहा तास जास्त काम करतं, आणि त्याच्यासाठी भोंगा नाही.

ही बेरीज घरकाम सोडून केलेली आहे. आपल्याकडच्या घरात मुलाला संध्याकाळी दूध संस्थेत दूध घालून यावं लागतं, वैरण टाकावी लागते. मुलगी असेल तर भांडी आणि भाकरी तिच्याकडे. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की बाप शिवारात, आई दिवसभर भांगलून दमलेली. लेखक आनंद यादव कागलचे. त्यांच्या 'झोंबी'तल्या पोराला शाळेत जायला मिळावं म्हणून घरच्यांशी झगडावं लागलं. आज कागल तालुक्यातलं पोर शाळेत जातंच जातं, आणि त्याचा अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण शेतातलं काम काही संपलेलं नाही. ते आधी होतं आणि गृहपाठ त्याच्यानंतर सुरू होतो, रात्री साडेआठला.

मग हे जादा तास निघतात कुठून? पहिल्यांदा खेळातून, ते संपले की झोपेतून. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं. इथलं पोर अकराला झोपतं आणि साडेपाचला उठतं. साडेसहा तास. हा हिशेब करायला तज्ज्ञ लागत नाही. शाळेच्या वर्गात दुपारी तीन वाजता उभं राहिलं तरी पुरे.

ताण म्हणजे काय हे मला पुस्तकातून सांगता येणार नाही, पण तो दुकानात दिसतो. सकाळी वही घ्यायला आलेली आई सांगते, सोमवार आला की हिच्या पोटात दुखतं, डॉक्टरांना दाखवलं, काही निघत नाही. नववीतली मुलगी जर्नलचे कागद मोजून घेते आणि मोजताना तिचे हात थरथरतात, कारण सही घ्यायची मुदत उद्याची आहे. एखादं पोर विचारतं, "काका, जुन्या तारखेचा शिक्का मिळतो का?" हसू येतं, आणि मग येत नाही. कष्टाची या मुलांना सवय आहे. उसाच्या पाल्यातून चालणारी पोरं आहेत ही, कामानं मोडणारी नव्हेत. त्यांना खातं ते दुसरंच. कितीही लिहिलं तरी पुरं होत नाही, आणि उद्या कोणत्या तासाला उभं राहावं लागेल हे आधी कळत नाही.

हे फक्त मुरगूडचं म्हणणं नाही. एनसीईआरटीनं २०२२ मध्ये देशभरातल्या ३ लाख ७९ हजारांवर विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी काळजीचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचं नाव घेतलं. तिकडे कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी दहा नामांकित हायस्कुलांतल्या ४,३१७ मुलांचा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आला. तिथली मुलं रोज सरासरी तीन तासांच्या वर गृहपाठ करत होती आणि ५६ टक्के मुलांनी ताणाचं मुख्य कारण गृहपाठ हेच सांगितलं. ती श्रीमंत वस्तीतली, चांगल्या कॉलेजसाठी धडपडणारी मुलं. आपली परिस्थिती वेगळी. पण रात्रीचे तास तिथेही तेच आणि इथेही तेच.

कुणी म्हणेल, अभ्यास केल्याशिवाय गुण कसे येणार? रास्त आहे. गृहपाठानं मोठ्या मुलांना फायदा होतो हे संशोधनात दिसतंच. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये दाखवलं की, माध्यमिक वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध बऱ्यापैकी लागतो, प्राथमिकमध्ये मात्र तो फार क्षीण आहे. आणि माध्यमिकमध्येही एका हद्दीपर्यंतच. २०१२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या वेळी शांघायची पंधरा वर्षांची मुलं आठवड्याला सुमारे १४ तास गृहपाठ करत होती, फिनलंड आणि दक्षिण कोरियाची तीन तासांपेक्षा कमी. तिन्ही ठिकाणची मुलं चाचणीत वरच्या फळीत होती. पुढं २०२१ मध्ये चीननंच पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ बंद केला आणि तिसरी ते सहावीसाठी रोज ६० मिनिटांची मर्यादा घातली. पोलंडनं २०२४ मध्ये धाकट्या वर्गांचा सक्तीचा गृहपाठ काढून टाकला. बाहेरचं एवढं पुरे.

कारण आपल्याकडे नियम नाही असं नाही. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात स्वच्छ लिहिलं आहे: दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी रोज एक तास, नववीपासून बारावीपर्यंत रोज दोन तास. त्याआधी २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं पहिली-दुसरीचा गृहपाठ बंद करा असं बजावलं होतं. माझ्या बेरजेतला सातवीचा मुलगा रोज अडीच तास लिहितो, त्याला कागदावर एक तासाची मुभा आहे. दुसरीतल्या पोरीसाठी गृहपाठाची वही घ्यायला येणाऱ्या आईला तर नियमाप्रमाणे माझ्या दुकानात यायचंच कारण नाही. ती जूनपासून येते.

याच धोरणातला वजनाचा भाग मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला. आपल्या राज्यानंही २०१५ मध्ये दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको असा शासन निर्णय काढला होता. मग शाळांत काटे आले, दप्तरं तोलली गेली, फोटो निघाले. दप्तर काट्यावर ठेवता येतं, तास ठेवता येत नाहीत, म्हणून तासांचं कोणी बघितलं नाही.

या वजनाच्या गोष्टीचा जुना धागाही सांगतो. लेखक आर. के. नारायण राज्यसभेत नियुक्त सदस्य होते. १९८९ मध्ये आपल्या पहिल्याच भाषणात ते मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर बोलले. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये 'ओझ्याविना शिक्षण' हा तिचा अहवाल आला. दप्तरापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त जड आहे, हे त्या समितीनं ओळखलं होतं. गृहपाठाबद्दल तिची शिफारस अशी: प्राथमिक वर्गांना गृहपाठ नको, द्यायचाच तर घराभोवतालच्या गोष्टी पाहण्या-शोधण्याचा द्या, वरच्या वर्गांना गरज असेल तेव्हा द्या, पण तो पुस्तकातला नको. तीस वर्षं उलटून गेली. नदीवर जाऊन बघा असं सांगणारा गृहपाठ वेदगंगेकाठी अजून यायचा आहे.

दुसरं म्हणणं जरा अवघड आहे. गृहपाठ घरी जातो आणि घर सगळ्यांचं सारखं नसतं. इथं आठवतात ते आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक, कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव, आपल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन टोकांचा मेळ बसवणं किती कठीण, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. संख्या आपण साधली. गुणवत्तेसाठी गृहपाठ देतो असं आपण म्हणतो. समतेचं काय होतं ते माझ्या काउंटरवर दिसतं. शिक्षकाचा किंवा बँकवाल्याचा मुलगा असेल तर आईच प्रोजेक्ट करून देते, सुबक, थर्माकोलवरच्या वेलबुट्टीसकट. सेमी इंग्रजीत घातलेल्या शेतमजुराच्या मुलीच्या घरी गणितातला इंग्रजी प्रश्न वाचून दाखवणारंही कोणी नसतं. दुसऱ्या दिवशी वर्गात कौतुक कुणाचं होतं आणि उभं कुणाला राहावं लागतं हे सांगायला नको. गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या आसपास खोपटांत राहणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांचा तर विचारच करू नये. खोपटात गृहपाठाची वही ठेवायला कोरडी जागा नसते.

आता शिक्षकांचं. ते माझे गिऱ्हाईक आहेत, मित्रही आहेत, म्हणून त्यांची बाजू मी जरा जवळून पाहिली आहे. ४५ मुलांच्या दोन तुकड्या म्हणजे ९० वह्या. एका वहीला दोन मिनिटं दिली तरी तीन तास झाले. आणि हे एका विषयाचं एका दिवसाचं. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची यादी, कुठला ना कुठला फोटो कुठल्या ना कुठल्या अॅपवर. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बाकीच्या बिगरशैक्षणिक कामांना मनाई करतं; ती मनाई कितपत पाळली जाते हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून वाचल्याविना टिक होते. शिक्षक आळशी आहेत म्हणून नव्हे. कोणी वाचणारच नाही असा गृहपाठ मग द्यायचा तरी कशाला, हा प्रश्न मात्र उरतो.

त्याचं खरं उत्तर आम्हा पालकांकडे आहे, आणि ते फारसं शोभणारं नाही. गृहपाठ कमी दिला की पालक शाळेत येऊन विचारतात, "तुमच्यात अभ्यास देत न्हाईत काय?" शेजारच्या शाळेतलं पोर दोन पानं जास्त लिहितं, एवढ्यावर नाव काढून तिकडे घालणारे आहेत. पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. या भीतीपोटी जिल्हा परिषदेच्या चांगल्या शाळाही वही भरायला लागल्या आहेत. भरलेली वही म्हणजे चांगली शाळा, हे समीकरण पालकांनी केलं, आणि शाळांनी मुकाट मान्य केलं.

त्यावर शिष्यवृत्तीचा तुरा. आपल्या जिल्ह्याला शिष्यवृत्ती परीक्षेचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. खेड्यातल्या कितीतरी पोरांनी या परीक्षेतून वाट काढली. परीक्षा चौथी-सातवीला की पाचवी-आठवीला हे शासन अधूनमधून बदलत असतं, जादा तास बदलत नाहीत. नवोदय विद्यालय कागललाच आहे. सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, आणि परीक्षेला अख्खा जिल्हा. शिवाय खासगी प्रज्ञाशोधांचं पीक आहेच. या परीक्षांना बसणाऱ्या मुलाला वर्गाचा नेहमीचा गृहपाठ माफ असतो असं आपल्याला वाटेल. नसतो. सराव संच वर, गृहपाठ खाली, दोन्ही करायचं. दहा वर्षांच्या पोराचा संध्याकाळचा सराव संच तपासून त्याचे गुण ग्रुपवर सगळ्यांसमोर टाकले जातात, हे कशासाठी, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

सरकारनं यावर काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये तत्कालीन शालेय शिक्षण मंत्री दीपक केसरकर यांनी गृहपाठ बंद करण्याचा विचार बोलून दाखवला, शिक्षक-पालकांनी नाकं मुरडली आणि विषय मागे पडला. मग २०२३ च्या शैक्षणिक वर्षापासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पानं जोडली. आम्हा दुकानदारांच्या पोटात गोळा आला होता, उगाच. पोरं पुस्तकही आणत होती आणि वहीही. २०२५ मध्ये पानं काढून टाकायचं ठरलं. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी नकोत, हा २०२४ चा निर्णय मात्र शहाणपणाचा होता. मुलांच्या झोपेचा विचार सरकारी कागदावर आला. पण सकाळी दिलेली झोप रात्री गृहपाठानं परत घेतली तर हाती काय राहिलं?

सरसकट बंदी मलाही नको. वाचन घरीच होतं, पाढे घरीच पाठ होतात, दहावीच्या मुलाला एकट्यानं गणित सोडवता आलंच पाहिजे. माझं दुखणं एवढंच की एकूण किती, हे बघायला कोणीच नाही. मुरगूडला कुस्तीचा जुना नाद आहे, आता आखाड्यात मुलीही घाम गाळतात. तिथं जाऊन बघा. पोराला जोर किती, बैठका किती, धावणं किती, खुराक काय आणि आज विश्रांती की नाही, हे सगळं एक वस्ताद ठरवतो. चार वस्ताद येऊन एकमेकांना न विचारता प्रत्येकी पाचशे जोर सांगत नाहीत. सांगितले तर पोर महिन्याभरात अंथरुणाला खिळेल, हे तालमीतल्या कुणालाही कळतं. शाळेत नेमकं तेच होतं. मराठीच्या बाईंनी दोन पानं दिली, गणिताच्या सरांनी एक उदाहरणसंग्रह, विज्ञानाची आकृती, इतिहासाचे स्वाध्याय, वर क्लास. प्रत्येकाचं म्हणणं खरं, की मी तर थोडाच दिला.

म्हणून मागणी एकच आहे. ही बेरीज करणं कुणाचं तरी काम ठरवा, आणि ते काम वर्गशिक्षकाकडे द्या. फळ्याच्या एका कोपऱ्यात चौकट आखायची. गृहपाठ देणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं तिथं विषय आणि अंदाजे मिनिटं लिहायची. सहावी ते आठवीच्या वर्गात बेरीज ६० झाली की पुढच्या तासाच्या शिक्षकाला त्या दिवशी जागा नाही, त्यानं उद्याची वाट बघायची. नववी-दहावीला १२०. चौकट शाळा सुटताना पुरी झालेली असावी, म्हणजे रात्रीचे मेसेज आपोआप थांबतील; आले तरी त्यातला गृहपाठ गृहपाठ धरू नये. खर्च म्हणाल तर खडूचा. केंद्रप्रमुख शाळेला भेट देतात तेव्हा त्यांनी दप्तर तोलतात तशी ही चौकटही बघावी. हजेरीपत्रकासारखी तिची नोंद राहिली तर आपल्यालाही महिन्याअखेर कळेल की कोणती शाळा मुलांकडून किती तास घेते.

यासाठी आपण शाळांना जे पत्रक काढाल त्यात याच्या जोडीला आणखी दोन ओळी असाव्यात. गाईडातली उत्तरं उतरवण्याचा आणि शिक्षा म्हणून पुन्हा पुन्हा लिहिण्याचा गृहपाठ देऊ नये. आणि ज्याच्यासाठी दुकानात जावं लागेल असा प्रोजेक्ट पाचवीपर्यंत देऊ नये. दुसरी ओळ लिहिताना माझा हात जरा अडखळला, पण राहू द्या.

काही अडचणी मला दिसतात. क्लासवर आपला अधिकार चालत नाही हे खरं. पण शाळेचा शिक्षकच खासगी शिकवणी घेत असेल तर त्याला मनाई करणारं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ आहे. बाकीच्या क्लासवाल्यांनाही कळेल की शाळेनं तास मोजायला सुरुवात केली आहे; मग पालक त्यांनाही विचारू लागतील. पालकांची तक्रार येईल, अभ्यास कमी झाला म्हणून. त्यांच्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत दप्तर धोरणातलं ते एक पान वाचून दाखवावं. नियम मुलांच्या बाजूचा आहे हे बहुतेक पालकांना आजवर कुणी सांगितलेलंच नाही. दोन-चार मोठ्या शाळा म्हणतील, आमचा निकाल घसरेल. घसरतो का ते बघू. मुरगूड परिसरातलं एखादं केंद्र घ्या, दिवाळीनंतरच्या सत्रात तिथल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या वर्गांत ही चौकट सक्तीची करा. वार्षिक परीक्षेचे गुण गेल्या वर्षीच्या गुणांशी ताडून बघा. घसरले तर जूनमध्ये चौकट पुसून टाका, मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. टिकले तर पुढच्या वर्षी अख्ख्या कागल तालुक्यात करा, मग भुदरगड, राधानगरी.

राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये याच मुलखात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड लावला. मुलाला शाळेत आणण्याची जबाबदारी तेव्हा राज्यानं घेतली. शाळा सुटल्यावर ते किती वाजता मोकळं होतं, हे बघण्याची जबाबदारी आज आपल्या दोन कार्यालयांची आहे.

या पत्राला जाहीर उत्तर मिळावं अशी विनंती आहे. पत्रक निघणार असेल तर कधी, आणि निघणार नसेल तर का नाही, एवढं तरी पालकांना कळू द्या.

आपला,
मुरगूडच्या बाजारपेठेतला एक वह्या-पुस्तकांचा दुकानदार
मुरगूड, ता. कागल, जि. कोल्हापूर